खडक कोणता?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे आता ही एआयवर बोलणार असं तुम्हाला वाटत असेल. मी बोलणार आहे भोक पाडण्यावर. मागच्या बाकांनी हसू नये.

माझा दादा पुलांच्या पायासाठी खडकाचे नमुने काढून देतो. बोअरवेलची गाडी दगडाची भुकटी करते, ती आपण गल्लोगल्ली पाहिलीय. नमुन्याला भुकटी चालत नाही, अखंड दगडी कांडी लागते. त्यासाठी पोकळ नळीच्या तोंडाशी हिऱ्याचे कण बसवलेला बिट लावतात. तो गोल कापत जातो आणि मधला दगड नळीत शिरतो. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक घेतलं, त्यात वरचे ३३८ मीटर आपला हाच काळा दगड होता.

दादाची नळी जुन्या मापाची. तयार बिट मिळेना, करूनच घ्यावा लागणार होता. "तू इंटरनेटवाली, तू शोध," म्हणाला.

मी कोष्टक केलं. माप, किंमत, मुदत, आगाऊ रक्कम. सगळ्यांनी माप विचारून भाव सांगितला. एकाने मात्र लांबलचक अर्ज पाठवला: खडक कोणता, कणी बारीक की खरखरीत, भेगा किती, पाणी किती देता, मिनिटाला फेरे किती? मला तो माणूस चिकट वाटला. सर्वांत स्वस्ताला ऑर्डर दिली, आणि हिरे धरून ठेवणारा धातू सर्वांत कठीण मागितला. काळा पाषाण कापायचा, मग कठीणच हवा ना!

बिट जेमतेम अर्धा मीटर गेला. मशीन गरगरतंय, खाली काही सरकत नाही. काढून पाहिला तर तोंड काचेसारखं गुळगुळीत. तीन दिवस मजुरी अंगावर पडली. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागलं.

त्याच्याकडच्या जुन्या मिस्त्रींनी कुठल्याशा स्टीलच्या भट्टीतली जुनी वीट आणली आणि बिट तिच्यावर फिरवला. "ताई, नुसता हिरा असून भागत नाही, भोवतीचा धातू झिजला तर आतला नवा हिरा वर येतो." आपल्या काळ्या दगडाची भुकटी इतकी बारीक, की ती कठीण धातूला खरवडतच नाही. बोथट हिरे तसेच धरून राहतात. म्हणजे कठीण दगडाला मऊ धातू, आणि खरखरीत वाळूच्या दगडाला कठीण. मी नेमकं उलटं केलं होतं. इंजिनिअरिंगची पदवी घरात फ्रेम करून लावलीय.

मग त्या चिकट माणसालाच फोन केला. त्याने पुन्हा विचारलं, "मॅडम, खडक कोणता?"

भूगोलाच्या बाई, तुम्ही आम्हाला एका विहिरीच्या काठावर उभं केलं होतं, आठवतं? वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पट्टा. अर्धा अर्ज मी त्या विहिरीवरून भरला, उरलेला मिस्त्रींना विचारून.

मऊ धातूचा बिट आला आणि काम पुढे सरकलं. तो झिजतोही लवकर, दुसरा मागवावा लागला. लाल पट्ट्यात कांडीचा चुरा झाला तो झालाच. पण काळ्या पाषाणाची हातभर कांडी अखंड निघाली. तिचा एक तुकडा पिशवीत आणलाय. बाई, चहाच्या वेळी दाखवते.