पताका, प्रकरी आणि बिंदू

काही महिन्यांपूर्वी माझ्या पुतण्याने मला एका इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेतील लग्नाच्या मेजवानीचा प्रसंग दाखविला. यजमान दरवाजे बंद करवितो आणि पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांची कत्तल होते. प्रसंग भयंकर होता. पण खरे सांगावयाचे तर मला भीती वाटली, दुःख झाले नाही. पुढे तोच भाग आरंभापासून पाहिला, तेव्हा मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. प्रसंग तोच होता; या खेपेस त्याच्या भोवतीची उपकथानकेही पाहिली होती, एवढाच फरक. उपकथानक मुख्य कथेला नेमके काय देते, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

आपल्या नाट्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. मुख्य कथा ती आधिकारिक, तिला साहाय्य करणारी ती प्रासंगिक. प्रासंगिक कथा दूरवर चालली तर ती पताका. अल्पकाळात संपली तर प्रकरी. रामकथेत सुग्रीवाचे वृत्त ही पताका, शबरीची भेट ही प्रकरी. मध्येच दुसरा विषय आल्यामुळे कथेचा धागा तुटू पाहतो, तेव्हा त्याला जो तुटू देत नाही तो बिंदू. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरावा, तसा तो कथाभर पसरतो.

ही मालिका म्हणजे जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’. तिच्या तिसऱ्या पर्वाचा नववा भाग, ‘द रेन्स ऑफ कॅस्टमीर’, २ जून २०१३ रोजी प्रथम दाखविला गेला. तरुण राजा रॉब स्टार्क याने वॉल्डर फ्रे या वृद्ध सरदाराच्या मुलीशी लग्न करण्याचे वचन मोडले आहे. त्याची भरपाई म्हणून रॉबच्या मामाचे लग्न फ्रे घराण्यात होत आहे. फ्रे पाहुण्यांना भाकरी आणि मीठ देतो. त्या देशीच्या रिवाजाप्रमाणे हे अन्न पोटात गेले की पाहुण्याला अभय मिळते. हे अभय हाच या भागाचा बिंदू, असे मला वाटते.

तो कसा पसरतो ते पाहा. रॉबची धाकटी बहीण आर्या दोन पर्वे वणवण करून आई आणि भाऊ यांच्याकडे निघाली आहे. वाटेत तिचा सोबती गाडी लुबाडण्यासाठी एका म्हाताऱ्याला मारू पाहतो. आर्या त्याला अडवते. तिकडे उत्तरेत जॉन स्नो याला टोळीवाले एका निःशस्त्र म्हाताऱ्याला मारावयास सांगतात. जॉनचा हात उठत नाही. टोळीतील इग्रिट बाण सोडून त्याला ठार करते. एक म्हातारा वाचतो, दुसरा मरतो. आणि तिसरा म्हातारा, स्वतः फ्रे, उच्चासनावर बसून पाहुण्यांचे मरण पाहतो. या प्रसंगांत कार्यकारणाचा संबंध नाही. जो हाती सापडला आहे त्याच्याशी कसे वागावयाचे, हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला जातो.

दुसरा दुवा चुकलेल्या भेटींचा आहे. जॉन ज्या बुरुजाखाली लढतो, त्याच बुरुजात ब्रॅन लपलेला आहे. तो लांडग्यांच्या मनात शिरून जॉनला वाचवितो. जॉनला मात्र त्याचा पत्ता नाही. ही अद्भुताची करामत खरी. पण ती मनाला लागते, कारण बहुतेक त्याच सुमारास आर्याही किल्ल्याच्या दाराशी पोहोचून परत फिरविली जाते. आत आई आणि भाऊ मारले जात आहेत. दोन्ही ठिकाणी भावंडांमध्ये जेमतेम एक भिंत आहे.

सगळेच सांधे असे बसले आहेत, असे मी म्हणणार नाही. डेनेरिसने दूरदेशी युंकाय शहर जिंकल्याचा भाग येथे सैल राहतो. तो पुढील कथेसाठी आहे. सॅमवेल टार्लीचा छोटा प्रवेश ही प्रकरी. तिचे फळ पुढील भागात, ब्रॅनशी त्याची गाठ पडते तेव्हा मिळते.

आम्हा कचेरीतील माणसांना मोठ्या फायलीचा सारांश मागण्याची सवय असते. निर्णयाला तो पुरतो. कथेला पुरत नाही. कारण कथेतील हानी किती मोठी, हे बहुधा जोडपत्रांतच नोंदलेले असते. दाराशी आलेली आर्या ज्याने पाहिली नाही, त्याला आतील मृत्यू दिसतील. पण कोण कोणाला कायमचे अंतरले, हे कळणार नाही. पुतण्याला मी एवढेच सांगितले की, बाबा, हा भाग पुन्हा पाहा आणि या खेपेस मधले काही गाळू नकोस.