अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला चीर



सायकल पुसताना फ्रेमवर केसासारखी रेघ दिसली,
तर तिथला रंग अलगद खरवडून बघा.
रेघ खालच्या धातूतही दिसली, तर ती चीर आहे.
मग ती सायकल चालवू नका.

हँडलखालचा सांधा, पायडलच्या आसाभोवतीचा भाग, सीटची नळी...
चीर बहुधा इथेच पडते.

पोलादी फ्रेम गावातला वेल्डरही जोडून देतो.
अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही.
त्याला बहुधा आरगॉन वायूचं वेल्डिंग लागतं.
आणि खरी अडचण त्यानंतरची आहे.

बहुतेक फ्रेमना कारखान्यात भट्टीत तापवून बळ दिलेलं असतं.
वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीचं ते बळ जातं.
धातू तिथे मऊ पडतो.
बळ परत आणायला अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते.
ही सोय फार थोड्या ठिकाणी असते.
तिच्याविना सांधा चकचकीत दिसेल,
पण शेजारीच नवी चीर पडू शकते.

एम-सील भरून तर मुळीच चालवू नका.
पुन्हा सांगते, चीर दिसली की सायकल थांबवा.

आधी खरेदीचं बिल शोधा.
पुष्कळ कंपन्या फ्रेमची वेगळी हमी देतात.
हमी संपली असेल, तर नवी फ्रेम घ्या.
जुनी चाकं, ब्रेक तिच्यावर बसतील का,
हे आधी मेकॅनिकला विचारा.