जिवाणूंचा आहार
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा सारांश)



मधुमेहावरील इन्शुलिन एकेकाळी डुकरांच्या व गाईबैलांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे. १९७८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. या यशाचे श्रेय आपण जनुकाला देतो. जिवाणू ज्या द्रवात वाढतात, त्या संवर्धन-माध्यमाचा मात्र सहसा विसर पडतो.

बेर्तानी यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘एल. बी.’ हे माध्यम आजही प्रयोगशाळांतून वापरतात. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्टचा अर्क व १० ग्रॅम मीठ, अशी त्याची नेहमीची कृती. ट्रिप्टोन म्हणजे दुधातील केसिन या प्रथिनाचे पाचन करून मिळणारी भुकटी. यात साखर फारच थोडी असते. मग भरपूर ग्लुकोज का घालू नये? कारण अतिरिक्त ग्लुकोज मिळाले की जिवाणू ॲसिटेट बाहेर टाकतात. माध्यम आम्लधर्मी होते व वाढ खुंटते. शिवाय अनेक प्रयोगांत परके जनुक दुग्धशर्करेच्या संकेताने जागे होईल, अशी योजना असते. ग्लुकोज असेतोवर जिवाणू त्या संकेताकडे लक्ष देत नाही.

येथे माझ्या एका चुकीची कबुली देतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे जिवाणू रात्रभर वाढवले की सकाळी निस्तेज होत. संकेतद्रव्य घालण्याआधीच त्यांत प्रथिन तयार झालेले असे. ते प्रथिन जिवाणूंना अपायकारक होते. मी त्या विद्यार्थ्याच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. तो बिचारा तीन आठवडे तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करीत राहिला.

पुढे २००५ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील विल्यम स्टुडिअर यांचा निबंध वाचनात आला. दुधापासून केलेल्या माध्यम-घटकांत दुग्धशर्करेचा अंश राहू शकतो आणि जिवाणूंची दाटी वाढली की तो अंशही जनुकाला जागे करतो, असे त्यांनी दाखविले होते. आम्ही जपून ठेवलेले तेच जिवाणू थोडे ग्लुकोज घालून पुन्हा वाढविले. सकाळी ते ठणठणीत होते!

स्टुडिअर यांनी या दोषालाच उपयोगी पद्धतीचे रूप दिले. त्यांच्या एका माध्यमात लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज, २ ग्रॅम दुग्धशर्करा व ५ ग्रॅम ग्लिसरॉल असते. आधी ग्लुकोज संपते, तोवर जिवाणूंची संख्या वाढते. मग दुग्धशर्करा आत शिरते व प्रथिननिर्मिती आपोआप सुरू होते. रात्रभर कोणी पहारा द्यावयास नको.

त्या विद्यार्थ्याला मी पत्र लिहून क्षमा मागितली. काम बिघडले की आपण आधी माणसाकडे बोट दाखवितो. त्याच्या हाती दिलेली सामग्री तपासून पाहण्याचे मात्र राहून जाते. ते आधी करावे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.