वही कोण लिहितो?



आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका नाखवांनी परवा आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवले. अडखळत वाचले, पण स्वतः वाचले. त्यात गुन्ह्यांचे आकडे होते. ते म्हणाले, "गुरजी, गेल्या साली गुन्हे कमी. म्हंजे गेलं साल बरं होतं ना?"

आम्ही त्यांना शाळेची गोष्ट सांगितली. आमच्याकडे दोन मास्तर होते. एक मास्तर बारीकसारीक खोडीही वहीत लिहीत. दुसरे वही उघडतच नसत. तपासणीला आलेले साहेब वह्या पाहून म्हणाले, दुसऱ्यांचा वर्ग शहाणा! आम्हीही मान डोलावली. आणि त्याच वर्गातली पोरे रोज शेजारच्या वाडीतले आंबे पाडत होती.

सरकारी आकड्यांचे असेच आहे. ठाण्यात गुन्हा नोंदला, म्हणजे तो मोजला जातो. ठाण्याचा आकडा जिल्ह्याला, जिल्ह्याचा राज्याला आणि राज्याचा दिल्लीला जातो. तेथे साऱ्या देशाचे पुस्तक छापतात. एका फिर्यादीत चार गुन्हे असले, तरी त्यातला सर्वांत मोठा तेवढा मोजतात. चोरटा माल कस्टमने पकडला, तर त्याचा हिशेब त्या खात्याकडे वेगळा.

आपला किनारा म्हणजे देशाची हद्दच. 1993 साली जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला चोरटा माल उतरला. त्यात शस्त्रे होती, आरडीएक्स नावाची स्फोटके होती. वाटेत पोलिसांनी गाड्या अडवल्या, आणि पैसे घेऊन सोडून दिल्या. म्हणजे वहीत काय लागले? काही नाही. 12 मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. 257 माणसे मेली. पुढे काही पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांना न्यायालयाने शिक्षा दिल्या. पण मेलेली माणसे गेली ती गेलीच.

उलटेही होते. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वराजवळ एक रिकामी नौका लागली. आत तीन एके-47 बंदुका! केवढी धावपळ झाली. मग सरकारने सांगितले, की नौका ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंची आहे. तिचे इंजिन बिघडले, खलाशांना ओमानकडच्या समुद्रात वाचवले, आणि नौका वाहत इकडे आली. बंदुका खऱ्या, पण घातपाती कोणी उतरला नव्हता.

2008 साली मुंबईवर हल्ला करणारे दहाजण समुद्रातूनच आले. त्यानंतर किनाऱ्यावर गस्त वाढवली. गस्त वाढली की पकडापकडीही वाढू शकते. मग आकडा चढला म्हणून घाबरायचे, की कोणीतरी जागे आहे असे समजायचे?

नाखवा म्हणाले, "मंग आकडे खोटेच म्हणा की!" नाही हो. जेवढे वहीत लागले, तेवढ्याचा तो आकडा आहे. वही लिहिणारा नेकीचा असेल, तर आकडाही कामाचा. आणि त्या वहीत तुमची फिर्यादही असते. ती लिहून झाली, की पोलिसांनी तुम्हाला वाचून दाखवायची असते. तिची नक्कल तुम्हाला फुकट मिळते. आता तुम्हाला वाचता येते. आधी स्वतः वाचा, तारीख पाहा, काय काय चोरीला गेले ते सगळे लिहिले आहे का पाहा. मग खाली सही करा.