तीन-पंचमांश माणूस आणि अमेरिकेतील पक्षबळ



अमेरिकेच्या घटनेने गुलामाला तीन-पंचमांश माणूस ठरविले हे ऐकले, की त्याला पूर्ण का मोजले नाही म्हणून आपणांस चीड येते. चीड रास्त आहे. परंतु तिचा रोख भलतीकडे जातो.

१७८७ साली फिलाडेल्फिया येथे घटना तयार होत असता, गुलाम पूर्ण मोजावा असा आग्रह दक्षिणेकडील मालकवर्गाच्या प्रतिनिधींनीच धरला होता! कारण प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळावयाच्या होत्या. गुलामाला मत नव्हतेच. डोके त्याचे मोजावयाचे आणि वजन मालकाच्या पारड्यात टाकावयाचे. अखेर पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, अशी तडजोड झाली. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द मात्र घातला नाही. ‘इतर व्यक्ती’ म्हणून भागविले. लाज होती, पण लाभ सोडवत नव्हता.

लाभ केवढा? १७९० च्या पहिल्या खानेसुमारीत व्हर्जिनियात स्वतंत्र माणसे सुमारे ४,५५,००० आणि गुलाम सुमारे २,९२,००० भरले. मॅसॅच्युसेट्समध्ये, त्या वेळी त्यात असलेला मेन प्रांत धरून, ४,७५,००० माणसे. गुलाम एकही नोंदलेला नाही. स्वतंत्र माणसे मॅसॅच्युसेट्समध्ये अधिक. तरी नव्या वाटपात त्याला जागा मिळाल्या १४ आणि व्हर्जिनियाला १९.

१७८९ च्या पहिल्या काँग्रेसमध्ये संघटित पक्ष नव्हते; सरकारच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे एवढेच गट होते. पुढे हॅमिल्टन-अ‍ॅडम्स यांचा फेडरॅलिस्ट पक्ष उत्तरेत आणि जेफरसन-मॅडिसन यांचा रिपब्लिकन पक्ष दक्षिणेत बळावला. (आजचा रिपब्लिकन पक्ष तो नव्हे, तो १८५४ साली निघाला.) राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्याही याच मोजणीवर ठरे. १८०० साली जेफरसन यांना ७३ व अ‍ॅडम्स यांना ६५ मते पडली. गुलामांमुळे वाढलेली मते वजा केल्यास अ‍ॅडम्सच जिंकले असते, असा कित्येक इतिहासकारांचा हिशेब आहे. त्याच सुमारास प्रतिनिधिगृहातील बहुमतही फेडरॅलिस्टांच्या हातून गेले.

१८१४-१५ च्या हार्टफर्ड परिषदेत फेडरॅलिस्टांनी ही मोजणी रद्द करण्याची मागणी केली. गुलामाचा कळवळा हे त्याचे कारण नव्हते. आपल्या जागा कमी पडतात, हे होते.

१८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने ही मोजणी गेली. कृष्णवर्णीय मनुष्य पूर्ण मोजला जाऊ लागला. १८७० साली त्याच्या मतालाही घटनेचे संरक्षण लाभले. पण पुढील काही दशकांत दक्षिणेकडील राज्यांनी मतदानावर कर बसवून आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून ते मत काढून घेतले. जागा मात्र पूर्ण मोजणीच्या राहिल्या. १७८७ साली मागूनही न मिळालेला लाभ त्यांच्या पदरात असा पडला, आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा होईपर्यंत बव्हंशी तो तसाच राहिला.