घरचा हौद आणि गावचे तळे



या व्याख्यानमालेला मी पुष्कळ वर्षे येत आहे, पण श्रोता म्हणून. व्यासपीठावर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते वाळूजच्या कारखान्यात लेथवर, आणि पाळी सुटल्यावर ग्रंथालयाच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले, तर आपण सांभाळून घ्याल असा भरवसा आहे.

एका फोनवरचे इंटरनेट आणखी चार जणांना वापरू देणे, हा आजचा माझा विषय. पत्रिकेत तो वाचून एक स्नेही मला म्हणाले, "अहो, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? हे तर माझा नातूसुद्धा सांगेल." नातू सांगेल, यात शंका नाही. कोणते बटण दाबायचे ते तो चांगले सांगेल. पण ते बटण कोणाच्या हाती असावे, हे आपण मोठ्या माणसांनीच ठरवावयाचे आहे, आणि त्याचाच विचार मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. आपला फोन टॉवरकडून रेडिओलहरींवाटे इंटरनेट घेतो. 'हॉटस्पॉट' चालू केला की तोच फोन स्वतः एक लहानसा टॉवर बनतो, आणि वाय-फायच्या लहरींनी खोलीतल्या, फार तर शेजारच्या घरातल्या यंत्रांना ते इंटरनेट पुढे देतो. घेणाऱ्या यंत्रात सिमकार्ड असण्याची गरज नसते. बाहेरच्या जगाला मात्र पत्ता दिसतो तो एकाच फोनचा. आपल्या चाळींतून पूर्वी असे होई की पत्ता एकच, पोस्टमन सगळी पत्रे दाराशी ठेवून जाई, आणि तिथला एखादा जाणता माणूस ती ज्याच्या त्याच्या खोलीत पोचवी. फोन हेच काम करतो. कोणती मागणी कोणाकडून गेली ते तो ध्यानात ठेवतो, आणि आलेले उत्तर बरोबर त्याच्याच हवाली करतो. ही देवघेव केबलनेही होते. संगणकाला केबल लावली तर फोन त्याच वेळी चार्जही होत राहतो. ब्लूटूथनेही होते, त्यात गती फार कमी, पण बॅटरी पुष्कळ वाचते.

आता यातल्या मर्यादा. आपल्या शहराला त्या समजावून सांगण्याची गरज पडू नये. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने येथे नहर बांधली, आणि डोंगरातले पाणी नळांवाटे वस्तीत आणले. उगम एक, तोंडे अनेक. तोंडे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याची धार बारीक होते. हॉटस्पॉटचेही तसेच आहे. चार जण जोडले गेले की गती वाटली जाते. फोन एकाच वेळी घेत आणि देत असल्यामुळे तापतो, त्याची बॅटरी लवकर उतरते. शिवाय संगणक स्वभावाने उधळ्या आहे. वाय-फाय दिसले की पाणी मुबलक आहे असे तो समजतो, आणि स्वतःची दुरुस्ती करून घेण्यासाठी न विचारता डेटा ओढू लागतो. संगणकात 'मीटर्ड कनेक्शन' अशी एक खूण करता येते. ती केली की त्याचा हात आखडतो. ज्यांचा रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो, त्यांनी ही खूण अवश्य करावी.

आणखी एक इशारा. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, तो काही उगाच नव्हे. वापर कोणीही करो, नोंद होते ती सिमच्या मालकाच्या नावावर. उद्या कोणी तुमच्या जोडणीवरून फसवणूक केली, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. शेजाऱ्याला जरूर द्या. पण पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवू नका, आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करा.

येथवर नातवाने सांगितले असते ते झाले. आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

२०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी लागली, आणि जूननंतर मुलांची शाळा फोनवर आली. वाळूजच्या आसपास कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. दहा बाय दहाच्या खोल्या, पुढे एक सामाईक पडवी. कारखाने पुन्हा सुरू झाले तसा बाप पाळीवर जाऊ लागला, आणि बापाबरोबर घरातला एकुलता एक फोनही जाऊ लागला. म्हणजे पहिली पाळी सुरू झाली की शाळा बंद! आम्ही युनियनच्या मंडळींनी जुने, काच तडकलेले, सिम नसलेले फोन गोळा करून मुलांना दिले. पण त्यांत इंटरनेट कोठून येणार? एका रांगेतल्या कोपऱ्यावरच्या खोलीतली बाई पुढे आली. ती रोज सकाळी आपला फोन खिडकीत ठेवी, हॉटस्पॉट चालू करी, आणि पडवीत पाच मुले पोत्यांवर बसून धडा ऐकत. मला मोठे समाधान वाटले. कामगारांची एकजूट म्हणतात ती हीच, असे मी एका सभेत ठणकावून सांगितलेही.

पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा त्या रांगेत गेलो, तेव्हा पडवीत चारच मुले होती. आदल्या संध्याकाळी पाण्याच्या मोटारीवरून दोन घरांत भांडण झाले होते, आणि सकाळी पासवर्ड बदललेला होता. दहावीतल्या एका मुलीची त्याच दिवशी चाचणी होती, ती बुडाली. तिची आई मला म्हणाली, "भाऊ, सभेत तुम्ही बोलले ते समदं खरं हाये. पण तिनं पासवर्ड बदलला की माझ्या पोरीची शाळा बंद. पोरीनं पुस्तक सांभाळायचं, का त्या बाईचं तोंड सांभाळायचं?"

मंडळी, तीस वर्षे मी गेटसभा घेत आलो आहे, पण या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. त्या शेजारणीला मी दोष देत नाही. पॅक तिचा, बॅटरी तिची. इतके दिवस तिने दिले, हेच थोर. पण माझी चूक माझ्या ध्यानात आली. जे मागून मिळते आणि दुसऱ्याच्या रागाबरोबर बंद पडते, त्याला मी हक्काच्या जागी बसवले होते. मग आम्ही घरटी वर्गणी काढून एक वेगळे सिम घेतले, वेळापत्रक करून पडवीत लावले. ते काही महिने चांगले चालले. पुढे ज्याच्या नावावर सिम होते त्याचे काम सुटले, तो गावी गेला, आणि सिमही त्याच्याबरोबर गेले.

या संदर्भात मला दोन सनावळी आठवतात. १८६८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या माणसांनी सोसलेल्या अपमानाची तुलना डेटाच्या टंचाईशी करण्याचा प्रमाद मी करणार नाही. मी त्यातून फक्त वाट शोधतो. जोतीरावांनी आपला हौद खुला केला, तो त्यांच्या थोर मनाचा भाग होता. महाडचे तळे सार्वजनिक होते. तिथे कोणाच्या मनाच्या थोरपणावर अवलंबून राहण्याचे कारण नव्हते. घरचा हौद उघडणारी माणसे हवीतच. पण गावचे तळे मिळेपर्यंत थांबता कामा नये.

कोणी म्हणेल, इंटरनेट ही बाजारातली वस्तू, तिथे हक्क कसला? केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन मुलीच्या वसतिगृहाच्या प्रकरणात निर्णय दिला, की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. आणि बाजाराचेच म्हणाल, तर अमेरिकेतले एक उदाहरण ऐका. तिथे कंपन्या फोनवरच्या डेटाचे पैसे घेत, आणि तोच डेटा हॉटस्पॉटने संगणकाला दिला तर आणखी वेगळे पैसे मागत. म्हणजे घागर भरल्याचे दाम द्यायचे, आणि तिच्यातला तांब्या दुसऱ्याला दिला तर त्याचेही दाम द्यायचे! हे जादा पैसे चुकवून देणारी ॲप्स ग्राहकांना मिळू नयेत, अशी खटपट व्हेरायझन वायरलेस या कंपनीने केल्याची तक्रार झाली. तेथील दळणवळण आयोगाने चौकशी केली, आणि २०१२ च्या जुलैत त्या कंपनीला साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांना जादा आकाराविना वाटून घेण्याची मोकळीकही द्यावी लागली. हे आपोआप झाले नाही. लोकांनी तक्रार केली म्हणून झाले.

आपल्याकडे वाट अगदीच नाही असे नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' या सार्वजनिक वाय-फायच्या योजनेला मंजुरी दिली. किराणा दुकानदाराने, चहावाल्याने आपल्या दुकानातून लोकांना वाय-फाय द्यावे, त्यासाठी त्याला परवाना नको, परवाना-शुल्क नको, अशी ती योजना आहे. आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना पिवळ्या पाटीचे पीसीओ आठवत असतील. घरी फोन नसलेल्या माणसाला त्या पाटीने केवढा आधार दिला! दोन रुपये दिले की बोलता येई. कोणाची मर्जी राखावी लागत नसे. तसेच केंद्र वाळूजला, चिकलठाण्याला, शेंद्र्याला कामगारांच्या वस्तीत असावे. ग्रंथालयात असावे, जिथे मुलाला सावलीत बसून अभ्यास करता येईल. ही मागणी आपण नगरसेवकाकडे, कारखानदारांच्या संघटनेकडे, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीकडे एकत्र येऊन केली पाहिजे. या सभेत दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. एकट्या कामगाराने मागितले तर ते त्याचे रडगाणे ठरते. आपण सर्वांनी मागितले तर ती शहराची गरज ठरते.

ती दहावीतली मुलगी पुढे पास झाली. चाचणी बुडाली, तरी शिक्षकांनी सांभाळून घेतले. परंतु प्रत्येक मुलीला असा शिक्षक भेटेलच असे नाही. म्हणून आज रात्री घरी गेल्यावर शेजारच्या पोराने "काका, जरा हॉटस्पॉट देता का?" असे विचारले, तर अवश्य द्या, हसून द्या. आणि उद्या सकाळी त्याला विचारावेच लागू नये, यासाठी एका अर्जावर सहीही करा. अर्ज मी बरोबर आणला आहे. तो दाराशी टेबलावर ठेवला आहे.