पायांना कळणारी वाट
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हाला आज बोलायचे आहे ते फरशीबद्दल. हसू नका, खरोखरच फरशीबद्दल.

रेल्वेच्या फलाटावर कडेला पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशांची पट्टी असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. ती अंध माणसासाठी आहे. जपानमधल्या ओकायामा शहरातील सेइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी तयार केली आणि १८ मार्च १९६७ रोजी तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. सुरुवातीला कोणी विकत घेईना, तेव्हा या गृहस्थाने पदरमोड करून फरशा वाटल्या.

तिची भाषा दोनच शब्दांची. लांबट पट्ट्या म्हणजे पुढे चला. गोल ठिपके म्हणजे थांबा. पुढे जिना आहे, वळण आहे किंवा फलाटाची कड आहे. उंचवटा जेमतेम पाच मिलिमीटर, पण काठीला आणि तळव्याला तो बरोबर कळतो. रंग पिवळा अशासाठी की, ज्यांना अंधूक दिसते त्यांनाही पट्टी ओळखता यावी.

मात्र ठिपके आणि पट्ट्यांची अदलाबदल झाली की सगळा घोळ. जपानातही गावोगावी वेगवेगळे नमुने होते. २००१ साली त्यांचे एकच प्रमाण ठरले. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण पट्टी सरळ विजेच्या खांबावर नेऊन सोडणारे कारागीरही आहेत! आणि पट्टी नीट असली तर तिच्यावर मोटारसायकल उभी. जयंतीच्या मंडपाचा खांबही तिथेच रोवला जातो, हे आपणच आपल्याला सांगितलेले बरे.

आता आपल्या विहाराचे. नवी फरशी बसवायचे समितीने ठरवले आहे. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण अंध माणसाला ती काहीच सांगत नाही. जिन्याच्या वर आणि खाली, पायरीच्या साधारण फूटभर आधी, ठिपक्यांची आडवी पट्टी जिन्याच्या पूर्ण रुंदीत घ्यावी. फाटकापासून दारापर्यंत लांबट पट्ट्यांची वाट घ्यावी. चपलांचा ढीग त्या वाटेवर पडतो, तेव्हा चपलांची मांडणी बाजूच्या भिंतीशी हलवावी लागेल.

आणि हो, कारागिराला आराखडा देण्याआधी वस्तीतल्या अंध बांधवांना बोलवा, काठी घेऊन इथून चालायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे खडूने खूण करून ठेवा.

जयभीम.